भरतीवर चालणारे बंदर

शिडाच्या गलबताला खोल पाण्याचेच बंदर लागते, हा समज कल्याण खोडून काढते. उल्हास नदीकाठचे हे गाव समुद्रापासून बरेच आत, तरी पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत त्याचा उल्लेख सापडतो आणि १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी जहाजबांधणीला हात घातला तो याच भागात. भरतीबरोबर वसईच्या खाडीतून आत यायचे, ओहोटीबरोबर बाहेर पडायचे. इंजिनाशिवाय हा प्रवास जमे. खाडीत गाळ साचतो, हा आक्षेप रास्तच. पण खुल्या किनाऱ्यावरच्या लाटांपासून मिळणारा आसरा लहान गलबताला त्याहून मोलाचा. पुढे मात्र कल्याणला १८५४ मध्ये रेल्वे आली, आणि १९६२ नंतरच्या ठाण्यातल्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीने तर मालासाठी खाडीकडे पाहिलेही नाही.