टनाआधी छताचा हिशोब

वातानुकूलन यंत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एसी, हा मुळात उष्णता-पंप आहे. तो थंडावा निर्माण करीत नाही, तर खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि ती किती वेगाने टाकतो याचे माप टनांत सांगितले जाते. या टनाचा यंत्राच्या वजनाशी संबंध नसून, सुमारे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळविण्यास लागणाऱ्या उष्णतेशी आहे, आणि तो वेग साधारण 3.5 किलोवॅट भरतो.

खोलीचे चौरस फूट मोजून टन ठरविण्याचा ठोकताळा सर्वत्र रूढ असला, तरी नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात तो अपुरा पडतो, कारण येथील घरात येणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा जमिनीच्या क्षेत्रफळावर नव्हे, तर डोक्यावरच्या स्लॅबवर अवलंबून असतो. बारा बाय बाराच्या वरच्या मजल्यावरील खोलीत उघड्या, तापलेल्या स्लॅबमधून भर दुपारनंतर ढोबळमानाने 1,400 वॅट, म्हणजे टनाच्या चार-दशांश इतकी उष्णता उतरू शकते. शांत बसलेल्या माणसाची उष्णता मात्र सुमारे शंभर वॅटच असते. पश्चिमेची भिंत आणि खिडकी यांची भर त्यावर पडते.

या भागातील जुन्या माळवदाच्या घरांत दगडी भिंती आणि मातीचा जाड थर ही उष्णता दिवसभर अडवून धरीत; परंतु 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात तीच जड छपरे माणसांवर कोसळली, आणि त्यानंतर सिमेंटच्या घरांकडे लोक वळले ते योग्यच झाले. जिवाची सुरक्षितता मिळाली, मात्र उष्णता अडविण्याचे काम आता वेगळे करावे लागते.

यंत्राची नोंदलेली क्षमता बाहेर 35 अंश तापमान धरून मोजलेली असते, आणि नांदेडचा पारा मे महिन्यात 42 अंशांपलीकडे गेला की ती घटते. म्हणून दोन टनांचा एसी आणावा, असा निष्कर्ष मात्र चुकीचा ठरेल. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटपट थंड करून थांबते, त्यामुळे पावसाळ्यातील दमट हवेतला ओलावा पुरेसा काढला जात नाही. कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या इन्व्हर्टर यंत्रात हा दोष कमी होतो, पण पूर्णपणे जात नाही. कोरड्या उन्हाळ्यात कुलर स्वस्त आणि परिणामकारक असतो हे खरे. तथापि 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे त्याला लागणारे पाणीही खर्चातच धरावे लागते.

म्हणून खरेदीपूर्वी, मार्चमध्येच, गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णतारोधक रंग द्यावा आणि पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली करावी. वर उल्लेखिलेल्या खोलीस उघड्या स्लॅबखाली दीड टन लागत असेल, तर एवढ्या उपायांनी तिचे बहुधा एक टनावर भागते, आणि वर दुसरा मजला असलेल्या तशाच खोलीस मुळातच एक टन पुरेसा असतो.