हरणाचे वय आणि जबड्याची साक्ष

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या वायव्येस, कन्नड तालुक्याच्या डोंगररांगांत सुमारे २६० चौरस किलोमीटरवर गौताळा औट्रम घाट अभयारण्य पसरले आहे. १९८६ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचा काही भाग जळगाव जिल्ह्यातही येतो आणि पितळखोऱ्याची प्राचीन लेणी याच परिसरात आहेत. येथील झाडोऱ्यात भेकर, चिंकारा आणि नीलगाय वावरतात, तर वैजापूर तालुक्याच्या मोकळ्या माळावर काळविटांचे कळप दिसतात. बिबट्याने मारलेला, विहिरीत पडलेला किंवा रस्त्यावर वाहनाखाली सापडलेला असा एखादा प्राणी आढळला की वन खात्याच्या पंचनाम्यात जात, नर-मादी आणि मृत्यूचे कारण यांबरोबर वयाचाही अंदाज नोंदवावा लागतो. प्राण्याच्या जन्माची नोंद कोठेच नसते, आणि कित्येकदा जागेवर हाडांखेरीज काही उरलेलेही नसते. अशा वेळी सर्वांत भरवशाची साक्ष मिळते ती खालच्या जबड्याची.

शिंगांवरून वय ओळखता येते, ही समजूत सर्वत्र आढळते. परंतु ती टिकणारी नाही. चितळ आणि सांबर यांच्या पूर्ण वाढलेल्या नराच्या प्रत्येक शिंगाला साधारणतः तीनच टोके असतात आणि पुढे वय वाढले म्हणून टोके वाढत नाहीत; शिवाय ही शिंगे गळून पुन्हा नव्याने येतात आणि मादीला तर ती नसतातच. काळवीट आणि चिंकारा हे प्राणिशास्त्राच्या वर्गीकरणानुसार गाय-शेळीच्या कुळातले असून त्यांची शिंगे गळत नाहीत. तरीही काळविटाच्या शिंगाचे पीळ मोजून वर्षांचा हिशेब लागत नाही, कारण शिंगाची वाढ आहारावर आणि प्रकृतीवर अवलंबून असते आणि प्रौढपणी ती मंदावते. दातांचे तसे नाही. ते ठरावीक क्रमाने उगवतात, ठरावीक क्रमाने पडतात आणि पुढे आयुष्यभर झिजत राहतात.

हे ज्ञान मराठवाड्यातील शेतकऱ्याला नवे नाही. छावणीच्या आठवडी बाजारात बैलाचा किंवा उस्मानाबादी शेळीचा सौदा ठरण्यापूर्वी गिऱ्हाईक जनावराचा ओठ वर करून खालचे दात पाहते. दुधाचे दात अजून पडलेले नसतील तर जनावर ‘आदत’, कायमच्या दातांची पहिली जोडी आली की ‘दुसा’, दुसरी आली की ‘चौसा’, मग सहादाती आणि आठही दात आले की ‘जुळलेले’, अशी ही चढती भाजणी आहे. बैलाला पहिली जोडी साधारणतः दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास येते आणि साडेचार-पाच वर्षांपर्यंत तो जुळतो. शेळीत हीच क्रिया पुष्कळ लवकर पुरी होते. हरीण, काळवीट, गाय आणि शेळी हे सारे रवंथ करणारे प्राणी असल्यामुळे त्यांच्या जबड्याची मूळ मांडणी एकच आहे. म्हणूनच बाजारातील ही पद्धत आणि वन्यजीव अभ्यासकाची पद्धत एकाच तत्त्वावर चालतात. फरक इतकाच, की बाजारात पुढचे दात पाहिले जातात, तर अभ्यासक मुख्यतः मागच्या दाढांकडे पाहतो.

या प्राण्यांच्या वरच्या जबड्याला पुढे पटाशीचे दात नसतात. तेथे एक कठीण गादी असते आणि तिच्यावर खालचे दात टेकवून चारा तोडला जातो. खालच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूस पुढे तीन पटाशीचे दात, त्यांना खेटून पटाशीसारखाच दिसणारा सुळा, नंतर लांब मोकळी जागा आणि तिच्यामागे तीन उपदाढा व तीन दाढा, असे एकूण दहा दात असतात. जन्मानंतर येणाऱ्या दुधाच्या दातांत पुढचे चार दात आणि तीन उपदाढा असतात. मागच्या तीन दाढांना दुधाची आवृत्ती नसते. त्या एकदाच आणि पुढून मागे अशा क्रमाने उगवतात.

पाडसाचे वय ठरवताना सर्वांत उपयोगी पडते ती तिसरी उपदाढ. दुधाच्या संचातील या दाताला एकामागे एक असे तीन उंचवटे असतात, तर तिच्या जागी येणाऱ्या कायमच्या उपदाढेला दोनच असतात. त्यामुळे पुढून मोजताना तिसरा चघळण्याचा दात तीन उंचवट्यांचा आणि पार झिजलेला दिसला, तर प्राणी अजून तरुणही झालेला नाही, हे नवशिक्यालाही सांगता येते. तोच दात पांढराशुभ्र, न झिजलेला आणि दोन उंचवट्यांचा दिसला, तर तो नुकताच बदलला आहे, हे स्पष्ट होते. सर्वांत मागच्या दाढेलाही तिसरा लहान उंचवटा असतो, म्हणून मोजणी नेहमी पुढून करावी लागते. अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणात हा बदल सुमारे दीड वर्षाच्या वयात होतो आणि शेवटची दाढही त्याच सुमारास वर येते. न्यूयॉर्क राज्यातील अभ्यासक सी. डब्ल्यू. सेव्हरिंगहॉस यांनी १९४९ मध्ये या हरणाच्या दातांची वाढ आणि झीज यांचे टप्पे प्रसिद्ध केले, आणि पुढे अनेक देशांत तशाच धर्तीचे तक्ते तयार झाले.

सर्व कायमचे दात आल्यानंतर मात्र उगवणीचा आधार संपतो आणि झिजेचा सुरू होतो. दाढेचा बाहेरचा थर एनॅमलचा, म्हणजे शरीरातील सर्वांत कठीण पदार्थाचा असतो. त्याच्या आत डेंटीन नावाचा तुलनेने मऊ, तपकिरी थर असतो. चघळण्याने उंचवटे झिजू लागले की एनॅमलच्या पांढऱ्या कडांमधून डेंटीनची तपकिरी पट्टी डोकावते आणि वर्षागणिक रुंद होत जाते. शेवटी उंचवट्यांमधील चंद्रकोरीसारख्या खाचाही नाहीशा होऊन दाढेचा माथा सपाट होतो. पहिली दाढ सर्वांत आधी उगवलेली असल्यामुळे ती सर्वांत आधी सपाट होते आणि म्हणून म्हाताऱ्या प्राण्याच्या जबड्यात मधोमध खळगा पडल्यासारखा दिसतो.

मात्र परदेशी तक्ता जसाच्या तसा येथे लावता येत नाही, आणि त्याची दोन ठोस कारणे आहेत. न्यूयॉर्कमध्ये बहुतेक पाडसे मे-जूनमध्ये जन्मतात आणि शिकारीचा हंगाम शरद ऋतूच्या अखेरीस असतो. त्यामुळे हाती येणारे जबडे अर्धे, दीड, अडीच अशा वयांच्या स्पष्ट गटांत पडतात. चितळ आणि काळवीट यांची वीण वर्षभर कमीअधिक प्रमाणात चालू असते, म्हणून त्यांच्या जबड्यांत असे कप्पे पडत नाहीत. टप्पे एकमेकांत मिसळलेले असतात. दुसरे कारण आहाराचे. वैजापूरच्या माळावर गवत चरणारे काळवीट गवतातील सिलिका आणि धूळमाती रोज चघळते, तर गौताळ्यातील भेकर कोवळी पाने आणि फळे वेचून खाते. झिजेचा वेग त्यामुळे जातीनुसार आणि जागेनुसार बदलतो. प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या प्राण्याची जन्मतारीख नोंदलेली असते, म्हणून उगवणीचे टप्पे तेथे तपासता येतात. परंतु त्याचा चारा वेगळा असल्यामुळे झिजेसाठी तो प्राणी प्रमाण मानता येत नाही. सारांश, पहिल्या दोन-अडीच वर्षांपर्यंतचे वय दातांवरून बरेच अचूक सांगता येते, आणि त्यापुढे ‘चार ते सहा वर्षे’ अशी कक्षा सांगणे हेच शास्त्राला धरून होते.

याहून बारीक उत्तर हवे असल्यास दाताच्या मुळाशी जावे लागते. मुळावर सिमेंटम नावाचा पदार्थ आयुष्यभर थराथराने साचत असतो. सुकाळात रुंद आणि टंचाईत अरुंद थर पडतो, त्यामुळे झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे त्यांची मोजणी करता येते. त्यासाठी दात आम्लात मऊ करून त्याचा अतिशय पातळ काप घेतात, तो रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. स्कॉटलंडमधील तांबड्या हरणांवर ही पद्धत १९६०च्या दशकात वापरली गेली. कडक हिवाळ्याच्या प्रदेशात या रेषा ठळक उमटतात. उष्ण कटिबंधात ऋतूंमधील तफावत तितकी टोकाची नसल्यामुळे त्या पुसट असतात आणि वाचताना अधिक काळजी घ्यावी लागते.

जबड्याची हीच भाषा पुरातत्त्वज्ञही वाचतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात घोड नदीकाठच्या इनामगाव येथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वसाहतीतील गुराढोरांच्या हाडांबरोबर काळविटासारख्या वन्य प्राण्यांची हाडेही मिळाली. गोदाकाठी पैठणजवळच्या आपेगावातही त्याच काळातील वसाहत उजेडात आली आहे. मांस नाहीसे होते, पण दातांचे एनॅमल हजारो वर्षे टिकते. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या खालच्या जबड्याचे दोन अर्धे पुढे पक्के जुळलेले नसल्यामुळे ते जमिनीत सुटे होतात. म्हणून एकच प्राणी दोनदा मोजला जाऊ नये यासाठी डावे आणि उजवे अर्धे वेगळे मोजतात. ब्रिटिश अभ्यासक सेबॅस्टियन पेन यांनी १९७३ मध्ये तुर्कस्तानातील शेळ्या-मेंढ्यांच्या जबड्यांवरून दाखवून दिले, की कोणत्या वयाची जनावरे मारली गेली हे कळले तर कळप दुधासाठी, मांसासाठी की लोकरीसाठी पाळला होता, याचा तर्क करता येतो.

वनव्यवस्थापनातही एका जबड्यापेक्षा अनेक जबड्यांच्या संग्रहाला अधिक मोल आहे. बिबट्याच्या भक्ष्यांत पाडसे आणि थकलेले प्राणी अधिक आहेत की ऐन भरातले, रस्त्यावर मरणाऱ्यांत माद्या कोणत्या वयाच्या आहेत, या प्रश्नांची उत्तरे अशा संग्रहातूनच मिळतात. प्रत्येक प्राण्याचे नेमके वय चुकले तरी पाडस, तरुण, प्रौढ आणि वृद्ध यांचे प्रमाण बरोबर हाती लागते, आणि कळपाचे भवितव्य ठरवते ते हे प्रमाणच.

असा संग्रह मात्र खाजगी कपाटात होता कामा नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अशा वन्य प्राण्यांचे अवशेष ही शासनाची मालमत्ता असून ते हाती आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत वन अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. शिवारात किंवा घाटात हरणाचा जबडा दिसल्यास तो न उचलता जागा टिपून ठेवावी, छायाचित्र घ्यावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. कोठे आणि केव्हा मिळाला याची नोंद नसलेला जबडा अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही.