आमरसाची बाटली वर्षभर टिकते, मग मटारची बरणी धोकादायक का? ४.६ या आकड्याची गोष्ट

मे महिना संपत आला की कोकणातल्या घरांत एकच घाई असते. पहिल्या पावसाआधी उरलेला आंबा संपवायचा. पेटीत न बसणारा, डाग पडलेला, थोडा जास्त पिकलेला हापूस ‘कॅनिंगचा आंबा’ म्हणून कारखान्याकडे जातो आणि घरापुरता रस बाटल्यांत भरला जातो. मोठ्या पातेल्यात तळाला फडके, त्यावर बाटल्या, गळ्यापर्यंत पाणी आणि खाली अर्धा तास जाळ. पुढे गणपतीत, दिवाळीत किंवा माहेरवाशीण आली की बाटली फोडायची. ही पद्धत अनेक घरांत वर्षानुवर्षे चालत आली आहे.

गेल्या काही वर्षांत या बाटल्यांच्या शेजारी नव्या बरण्या दिसू लागल्या आहेत. परसबागेतला किंवा गच्चीवरचा भाजीपाला बरणीत भरून वर्षभर टिकवण्याचे व्हिडिओ मोबाइलवर भरपूर फिरतात. त्यातले बरेचसे अमेरिकेतले असतात. ते पाहून मटार, मक्याचे दाणे, मशरूम, उकडलेल्या शेंगा काचेच्या बरणीत भरल्या जातात आणि आमरसासारख्याच पातेल्यात उकळल्या जातात. बरणी तीच, पाणी तेच, वेळही तेवढाच. तरीही आमरसाची बाटली चालते आणि मटारची बरणी जिवावर बेतू शकते. फरक आत भरलेल्या पदार्थाच्या आंबटपणात आहे.

४.६ म्हणजे नेमके काय?

एखादा पदार्थ किती आंबट आहे हे ‘पीएच’ या मापाने सांगतात. आकडा जितका लहान, तितका पदार्थ अधिक आम्लधर्मी. लिंबाचा रस २ ते २.६ च्या दरम्यान असतो. कोकम, कैरी, आवळा, चिंच हे सगळे ४ च्या बरेच खाली येतात. पिकलेल्या हापूसचा रस साधारण ४ च्या आसपास. मटार, मका, बटाटा, लसूण आणि मशरूम मात्र साडेपाच ते साडेसहाच्या घरात असतात. हे माप दहाच्या पटीत चालते. ४.६ वरून ५.६ वर गेले की आम्लता दहापट कमी झालेली असते. म्हणून अर्ध्या अंकाचा फरक दिसतो तितका किरकोळ नसतो.

४.६ ही सीमारेषा ठरली ती ‘क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम’ या जिवाणूमुळे. तो मातीत सगळीकडे असतो, त्यामुळे भाजीबरोबर घरात येतोच. एरवी त्याचा त्रास होत नाही, कारण त्याला वाढायला हवाबंद जागा लागते. शिवाय ओलावा, खोलीचे तापमान आणि कमी आंबटपणा हेही हवे. झाकण घट्ट बसलेली मटारची बरणी या चारही गोष्टी एकत्र पुरवते. अशा जागी तो जे विष तयार करतो ते ज्ञात विषांपैकी सर्वांत जहाल विषांमध्ये गणले जाते. या विषबाधेला बोटुलिझम म्हणतात. पीएच ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर या जिवाणूचे बीजाणू उगवत नाहीत.

बीजाणू म्हणजे त्या जिवाणूचे चिलखत घातलेले, झोपी गेलेले रूप. सगळी गोम इथेच आहे. उकळत्या पाण्यात साधे जिवाणू, बुरशी, यीस्ट मरतात, पण हे बीजाणू १०० अंश सेल्सिअसला तासन्‌तास तग धरू शकतात. त्यांना मारायला १२१ अंशांच्या आसपासचे तापमान लागते. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, जाळ कितीही मोठा केला तरी. पुण्यात ते ९८ अंशांच्या आसपासच उकळते आणि महाबळेश्वरला तर ९६ अंशही गाठत नाही.

म्हणजे उकळलेल्या आमरसात बीजाणू जिवंत राहिले तरी आंबटपणामुळे ते झोपलेलेच राहतात. मटारच्या बरणीत त्यांना रोखणारे काहीच नसते. उलट उकळल्यामुळे बाकीचे स्पर्धक जिवाणू मेलेले असतात आणि मैदान त्यांना मोकळे मिळते.

असे खरेच घडते का?

एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लँकेस्टर गावातल्या एका चर्चमध्ये सहभोजन झाले. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणला होता. त्यात एक बटाट्याचे सॅलड होते. त्यातले बटाटे घरीच बरणीत भरून साध्या उकळत्या पाण्यात प्रक्रिया केलेले होते. २९ जणांना बोटुलिझम झाला, एकाचा मृत्यू झाला. त्या देशातला जवळपास ४० वर्षांतला हा सर्वांत मोठा उद्रेक होता. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर इथे एका रेस्टॉरंटमध्ये खाल्लेल्या तीसहून अधिक लोकांना हाच आजार झाला. कारण होते तेलात बुडवून ठेवलेला चिरलेला लसूण.

भारतात या आजाराची नोंद क्वचितच होते, पण हा फक्त परदेशातला प्रश्न आहे असे मानता येत नाही. १९९६ मध्ये गुजरातमधील एका निवासी शाळेत शेव खाल्ल्यानंतर विद्यार्थी आजारी पडले. ३४ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि तिघांचा मृत्यू झाला. तपासात संशय याच कुळातल्या जिवाणूच्या विषावर गेला.

मग कुकरमध्ये शिट्ट्या काढल्या तर?

हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. आपल्या कुकरमध्ये वाफेचा दाब वाढला की आतले तापमान १२० अंशांच्या जवळ जाते. गणिताने पाहिले तर काम व्हायला हवे.

अडचण अशी की तापमान कुकरमधल्या वाफेचे मोजायचे नसते. ते बरणीच्या मध्यभागी असलेल्या दाण्याचे मोजायचे असते. काच आणि पाणी ओलांडून उष्णता तिथे पोहोचायला बराच वेळ लागतो. अमेरिकी कृषी खात्याच्या घरगुती कॅनिंगच्या मार्गदर्शिकेत मटारसाठी पूर्ण दाब आल्यानंतर ४० मिनिटे सांगितली आहेत. अर्धा लिटरच्या आसपासच्या बरणीतल्या मक्याच्या दाण्यांना तर ५५. ही मिनिटे त्यांच्याकडच्या मोठ्या ‘प्रेशर कॅनर’वर चाचण्या घेऊन ठरवलेली आहेत. त्या भांड्यात आधी दहा मिनिटे वाफ सोडून आतली सगळी हवा काढतात, कारण हवा अडकली तर दाब दिसतो पण तापमान तेवढे चढत नाही. मोठे भांडे हळू तापते, हळू निवते आणि तो वेळही हिशेबात धरलेला असतो. घरातला पाच लिटरचा कुकर झटपट तापतो आणि झटपट थंड होतो. शिवाय दर शिट्टीला दाब खाली येतो. म्हणूनच चार मोठ्या बरण्या मावत नाहीत असा कुकर कॅनिंगसाठी वापरू नका, असे तीच मार्गदर्शिका सांगते. ‘सहा शिट्ट्या, वर्षभर मटार’ असे सांगणाऱ्या व्हिडिओमागे अशी कोणतीही चाचणी नसते.

गोड फळेही फसवतात

भाजी धोक्याची आणि फळ सुरक्षित, अशी सोपी विभागणी करायचा मोह होतो. ती चुकीची आहे. पिकलेला फणस, पपई, अंजीर, कलिंगड यांचा पीएच बहुतेक वेळा ४.६ च्या वरच असतो. टोमॅटो तर सीमेवरच बसलेला आहे, ४.३ ते ४.९. त्यामुळे टोमॅटो बरणीत भरताना लिटरमागे साधारण अर्धा चमचा सायट्रिक अॅसिड, म्हणजे आपले लिंबूसत्त्व, घालायला सांगतात. आंबाही जसजसा जास्त पिकतो तसतशी त्याची आम्लता घटते. नेमका हाच अतिपिकलेला आंबा हंगामाच्या शेवटी रसासाठी वापरला जातो. हापूसच्या भरवशावर इतर गोड जातींचा रस तसाच भरणे म्हणूनच बरे नाही.

आजीच्या पद्धती का टिकल्या

गंमत अशी की आपल्याकडे साठवणीचे जे प्रकार रुळले, त्यांत ही सीमारेषा कुठेच ओलांडलेली नाही. भाजी पाण्यात हवाबंद ठेवण्याची रीतच नव्हती. कैरीच्या लोणच्यात आंबटपणा आणि मीठ दोन्ही असते. कोकण-गोव्यात कैऱ्या खारात मुरवतात, तिथे मीठ इतके असते की जिवाणूंना वापरायला पाणीच उरत नाही. मुरांबा, साखरांबा, गुळांब्यात तेच काम साखर आणि गूळ करतात. आंबापोळी, फणसपोळी, सांडगे, आमसुले यांत पाणीच काढून टाकलेले असते. फणसाचा पीएच जास्त असूनही फणसपोळी टिकते ती यामुळे.

बिघाड होतो तो या पद्धती ‘हेल्दी’ करायला गेल्यावर. मीठ निम्मे, साखर निम्मी आणि टिकवण्याचा काळ मात्र तेवढाच, हे जमत नाही. कमी साखरेचा मुरांबा फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावा. लसूण तेलात घालून ठेवायचा असेल तर लिंबू किंवा व्हिनेगर आणि पुरेसे मीठ घालून लोणचेच करावे. नुसत्या तेलातला ताजा लसूण फ्रिजमध्येही चार दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये.

आमरस भरायचाच असेल तर

फळ घट्ट आणि निरोगी घ्यावे. कापल्यावर साका निघाला तर तो भाग न वापरता अख्खे फळ बाजूला काढावे, कारण एका फळाने सगळ्या रसाची चव जाते. रस गाळून घ्यावा, किलोमागे ३ ते ४ ग्रॅम लिंबूसत्त्व घालावे आणि पीएच पट्टीने तपासावे. ३ ते ६ दरम्यानचे रंग स्पष्ट दाखवणाऱ्या पट्ट्या प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात आणि ऑनलाइन मिळतात. आकडा ४.२ च्या खाली आला पाहिजे. रसाच्या पिवळ्या रंगात पट्टी नीट वाचता येत नाही, तेव्हा थेंबभर रस लावून लगेच पुसून पाहावे, आणि शंका असेल तर लिंबूसत्त्व थोडे वाढवावे.

मग रस ढवळत गरम करावा, कडा उकळू लागल्या की गरम बाटल्यांत गरमच भरावा. वर दीड-दोन सेंटिमीटर जागा सोडावी. झाकण लावून बाटल्या पूर्ण बुडतील एवढ्या पाण्यात, पाणी उकळू लागल्यापासून अर्धा लिटरच्या बाटलीला ३० मिनिटे द्यावीत. घाटावर पाच मिनिटे वाढवावीत. बाटल्या बाहेर काढून गार फरशीवर ठेवल्या तर तडकतात, लाकडावर किंवा जाड फडक्यावर ठेवाव्यात. झाकण दर वेळी नवे घ्यावे. जॅमच्या जुन्या बरणीचे झाकण वरून ठीक दिसते, पण आतली रबरी कड दबलेली असते आणि हवा आत शिरते. सरबतासारखे प्रकार न उकळता टिकवायचे असतील तर परिरक्षक लागतो. त्यातही कोकम आणि जांभळाच्या सरबताला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घातले तर रंग उडतो, म्हणून तिथे सोडियम बेंझोएट वापरतात.

मटार आणि मक्यासाठी सरळ फ्रीझर बरा. दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे टाकावेत, लगेच बर्फाच्या पाण्यात गार करून, निथळून पिशव्यांत भरावेत. उणे १८ अंशांना जिवाणू वाढत नाहीत. अर्थात कोकणात फ्रीझरचा भरवसा विजेवर अवलंबून असतो. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. पूर्ण भरलेला फ्रीझर दार न उघडता साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. ज्या गावांत पावसाळ्यात वीज नेमाने जाते तिथे वाळवण आणि लोणचे हेच अधिक खात्रीचे.

बरणीबद्दल शंका आली तर

झाकण फुगलेले असेल, उघडताना फसफसून उडाले किंवा वास बदलला असेल तर बरणी टाकावी, हे सगळ्यांना माहीत असते. बोटुलिझमचे विष मात्र अनेकदा चव, वास, रंग काहीच बदलत नाही. त्यामुळे ‘जरा चाखून पाहू’ ही चाचणी कामाची नाही, उलट तीच धोक्याची. हे विष ८५ अंशांवर पाच मिनिटांहून अधिक काळ सगळीकडून तापले तर निकामी होते. पण चुकीच्या पद्धतीने भरलेली बरणी उकळून वापरण्यापेक्षा ती नीट बंद करून, गुराढोरांना आणि कुत्र्या-मांजरांना मिळणार नाही अशी टाकलेली बरी.

लक्षणे साधारण १२ ते ३६ तासांत दिसतात, कधी काही दिवसांनी. एकाचे दोन दिसणे, पापण्या जड होऊन मिटणे, बोलणे अडखळणे, गिळता न येणे आणि मग अशक्तपणा चेहऱ्याकडून खाली हातापायांकडे सरकणे. ताप सहसा नसतो, त्यामुळे साधा थकवा समजून वेळ जातो. श्वसनाचे स्नायू निकामी होण्याआधी रुग्ण अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पोहोचला पाहिजे, कारण प्रतिविष जितके लवकर तितका त्याचा उपयोग. जाताना उरलेली बरणी पिशवीत बंद करून सोबत न्यावी आणि गेल्या चार-पाच दिवसांत घरी साठवलेले काय खाल्ले ते डॉक्टरांना आपणहून सांगावे.