शुल्कमाफीच्या पलीकडे

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचे शिक्षण निःशुल्क असावे की नाही, हा वाद नवा नाही. कॅलिफोर्नियात रहिवाशांना ते १९८४ पर्यंत निःशुल्कच होते. टेनेसीने २०१४ मध्ये कायदा करून लॉटरीच्या निधीतून शुल्काचा भार उचलला. मात्र केंद्र सरकारचे ‘पेल’ अनुदान वजा जाता उरेल तेवढाच. खरी मेख येथेच आहे. ज्याचे शुल्क ‘पेल’मधूनच भागते, त्या गरिबाच्या पदरी नवे काही पडत नाही, राज्याचा पैसा तुलनेने सुस्थितांकडे वळतो. गरिबाला अडवतात ते घरभाडे, पुस्तके आणि बुडणारी मजुरी. तरीही ‘शुल्क नाही’ या दोन शब्दांचे मोल कमी लेखू नये. किचकट अर्जांना बिचकणारा विद्यार्थी त्यांच्यामुळेच दाराशी येतो. पण त्याला आत टिकवावयाचे, तर त्याच्या उदरनिर्वाहाचा विचार शासनाला करावाच लागेल.