दीडशे मीटरचे वर्तुळ आणि मंडईचे तोंड

सार्वजनिक बाजाराभोवतीच्या विनापरवाना पथविक्रीचे नियमन करताना नगरप्रशासनाला कायदा, रस्त्याची रुंदी, भाजीचे आयुष्य आणि गिऱ्हाइकाची सवय या चारही गोष्टींचा एकाच वेळी विचार करावा लागतो, आणि त्यांतील एक जरी नजरेतून सुटली तरी सकाळी मोकळा केलेला रस्ता दिवेलागणीला पुन्हा भरतो. इचलकरंजीत हे विशेष ठळकपणे दिसते, कारण या शहराचा बाजार मागाच्या पाळीवर चालतो. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या जेथे सुटतात आणि लागतात, तेथे भाजी घेणारा माणूस ठरावीक घटकेला आणि ठरावीक वाटेनेच रस्त्यावर उतरतो, आणि विकणारा त्याच वाटेवर त्याची वाट पाहत बसतो.

शहराची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. पंचगंगेजवळचे हे गाव घोरपडे जहागिरीचे ठाणे होते. १९०४ च्या सुमारास विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग आणला आणि पुढच्या काळात गावाचे वस्त्रनगर झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,८७,३५३ भरली आणि २०२२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली.

या शेवटच्या बदलाचा पथविक्रीशी जवळचा संबंध आहे. नगरपालिका १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली चालत असे आणि तिचा कार्यकारी प्रमुख मुख्याधिकारी असे. महानगरपालिकेला १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू झाला आणि अधिकार आयुक्तांकडे आले. या अधिनियमाचे कलम २३१ आयुक्तांना मोठा अधिकार देते: सार्वजनिक रस्त्यावर नियमाविरुद्ध मांडलेली किंवा फिरवून विकली जाणारी वस्तू पूर्वसूचनेशिवाय हटवता येते. अतिक्रमण निर्मूलन पथकाची गाडी जेव्हा हातगाडी उचलते, तेव्हा तिच्यामागे बहुधा हेच कलम उभे असते. मात्र २०१४ च्या पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियमाने, म्हणजे १ मे २०१४ पासून अमलात आलेल्या केंद्रीय कायद्याने, या अधिकाराला स्पष्ट मर्यादा घातली आहे. शहरातील सर्व पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन त्यांना विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवू वा स्थलांतरित करू नये, असे या कायद्याचे तिसरे कलम सांगते, आणि दोन कायद्यांत विसंगती आली तर हाच कायदा वरचढ ठरेल असेही त्यात नमूद आहे. ‘बेकायदा फेरीवाला’ हा शब्दप्रयोग त्यामुळे वाटतो तितका सरळ राहत नाही. ज्याची मोजणीच झाली नाही त्याच्याजवळ परवाना नसणे, हा त्या माणसाइतकाच मोजणी न करणाऱ्या व्यवस्थेचाही दोष मानावा लागतो.

तथापि या विषयाचा खरा गाभा कायद्याच्या पुस्तकापेक्षा मंडईच्या तोंडाशी सापडतो. मंडई म्हणजे नगरसंस्थेने बांधून दिलेला, ओटे आणि गाळे असलेला बाजार. ओटा म्हणजे विक्रेत्याला भाड्याने मिळणारी उंच बैठक. विक्रेते आत ओटा असूनही बाहेर येऊन का बसतात, याचे उत्तर बेशिस्त हे नव्हे. गिऱ्हाईक मंडईत शिरण्यापूर्वी ज्याच्यासमोर पहिल्यांदा थांबते, त्याचा माल पहिल्यांदा खपतो. एक पाटी प्रवेशद्वाराशी आली, की आतल्या पहिल्या ओट्याचे गिऱ्हाईक घटते. तो ओटेवाला आपली अर्धी भाजी घेऊन बाहेर येतो. मग दुसरा येतो. आणि काही दिवसांत आतले मागच्या रांगेचे ओटे ओस पडून दाराबाहेर दुसरीच मंडई भरते. दुचाकी सर्वसामान्य झाल्यावर हा ओघ अधिक वाढला, कारण गाडीवरून न उतरता मेथीची पेंडी आणि टोमॅटोचा वाटा घेऊन पुढे जाणारे गिऱ्हाईक पायऱ्या चढून आत जात नाही. पाळी सुटलेल्या कामगाराची गोष्टही वेगळी नाही; बारा तास मागापुढे उभे राहिलेल्या माणसाला मंडईच्या आतल्या गल्लीपेक्षा घराच्या वाटेवरची पाटी सोयीची वाटते.

या साखळीतला सर्वांत पिचलेला माणूस बाहेर बसणारा नसून आत राहिलेला आहे, ही गोष्ट चर्चेत फार क्वचित येते. तो ओट्याचे भाडे भरतो, परवाना नूतनीकरण करून घेतो, आणि नियम पाळल्याची किंमत म्हणून गिऱ्हाईक गमावतो. म्हणून पथक केवळ बाहेरच्या पाट्या उचलत राहिले आणि आतली प्रकाशयोजना, पाणी, निचरा आणि दुचाकी उभी करण्याची जागा सुधारली नाही, तर ओटेवाल्याला आत थांबण्याचे कारणच उरत नाही. थोरात चौकाकडचा भाजीबाजार असो वा मुख्य मार्गावर मलाबादे चौक, जनता चौक या पट्ट्यातली वर्दळ असो, रस्त्यावर रंगवलेला पांढरा पट्टा विक्रेत्याला मागे सरकवू शकतो, गिऱ्हाइकाला आत नेऊ शकत नाही.

न्यायालयांनी या प्रश्नाला दीर्घकाळ अंतराच्या मापाने उत्तर दिले आहे. सोदन सिंग विरुद्ध नवी दिल्ली नगरपालिका या १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरचा व्यापार हा संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(छ) खालील, म्हणजे कोणताही व्यवसाय करण्याच्या हक्काचा भाग मानला, परंतु एखाद्या विशिष्ट जागेवर कायमचे बसण्याचा हक्क मात्र नाकारला. पुढे मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात, २००३ मध्ये, प्रार्थनास्थळे, शाळा आणि रुग्णालये यांपासून १०० मीटर आणि महापालिकेच्या वा अन्य मंडया व रेल्वे स्थानके यांपासून १५० मीटरच्या आत विक्री नसावी, असे सांगितले गेले. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेल्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये याच मर्यादांवर पुन्हा बोट ठेवले.

दीडशे मीटर हे अंतर कागदावर लहान वाटते. प्रत्यक्षात १५० मीटर त्रिज्येचे वर्तुळ सुमारे सात हेक्टर, म्हणजे साडेसतरा एकर जमीन व्यापते. मुंबईच्या उपनगरी स्थानकाबाहेर त्या वर्तुळाला अर्थ आहे, कारण तेथे गाडी सुटताच अरुंद जिन्यातून हजारो माणसे एकदम बाहेर पडतात. इचलकरंजीच्या जुन्या भागात मात्र मंडई, शाळा, दवाखाना आणि देऊळ हाकेच्या अंतरावर असतात, आणि प्रत्येकाभोवती वर्तुळ काढू लागल्यास ती एकमेकांत गुंतून जुन्या बाजारपेठेचा क्वचितच एखादा कोपरा मोकळा राहील. मंडईलगत भाजी विकू नये असे म्हणणारा नियम व्यवहारात, जेथे भाजी घ्यायला माणसे येतात तेथे ती विकू नये, असा वाचला जातो.

२०१४ च्या कायद्याने या मापाहून निराळी दृष्टी आणली आणि तिचे मोल मोठे आहे. विक्रेते आणि गिऱ्हाईक जेथे परंपरेने जमतात त्या जागेला कायदा ‘नैसर्गिक बाजार’ म्हणतो, म्हणजे कोणी न वसवता वहिवाटीने वसलेला बाजार. अशा जागेला ना-विक्री क्षेत्र घोषित करता येत नाही. केवळ गर्दी होते हे कारण त्यासाठी पुरेसे धरले जात नाही. आणि ५० वर्षांहून अधिक काळ पथविक्री चालू असलेल्या नैसर्गिक बाजाराला वारसा बाजाराचा दर्जा देऊन तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे तत्त्व कायद्याच्या परिशिष्टात आहे. वाडे, मंदिरे आणि तलाव यांनाच वारसा म्हणण्याची सवय असलेल्या समाजात भाजीच्या पाट्यांच्या रांगेला हा शब्द लागू होणे, ही भारतीय नगरविधीतील एक अत्यंत सुंदर घटना मानावी लागेल.

या ठिकाणी जवळच्याच जयसिंगपूरची आठवण अपरिहार्य ठरते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेल्या या व्यापारी पेठेत रुंद रस्ते आणि क्रमांक दिलेल्या सरळ गल्ल्या आधी आखल्या गेल्या आणि बाजार नंतर आला. इचलकरंजीत क्रम उलटा आहे. माग आले, माणसे आली, बाजार भरला, आणि रस्ता त्यातून आपली जागा शोधत राहिला. आखीव पेठेला शोभणारे नियम वाढत गेलेल्या पेठेला जसेच्या तसे लावले, तर ते रोज मोडले जाणारच.

नियमनाची यंत्रणा कायद्याने नगर पथविक्रेता समितीकडे सोपवली आहे. महानगरपालिकेत आयुक्त तिचे अध्यक्ष असतात, किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडलेले असतात आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. सर्वेक्षण दर पाच वर्षांनी किमान एकदा करायचे असते, आणि लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचे असते. २०११ चा आकडा धरला तर इचलकरंजीपुरती ही मर्यादा सुमारे ७,१८० भरते. क्षेत्रे तीन प्रकारची असतात: निर्बंधमुक्त, निर्बंधित आणि ना-विक्री. मंडईच्या परिसरासाठी यांपैकी निर्बंधित क्षेत्रच सर्वांत उपयोगी आहे, कारण तेथे वेळेचे बंधन घालता येते. पाळी सुटण्याच्या दोन-तीन तासांत एका बाजूला पाट्या आणि उरलेल्या वेळी रस्ता मोकळा, ही व्यवस्था यंत्रमागाच्या शहराला जितकी साजते तितकी दुसऱ्या कोणत्याही शहराला क्वचितच साजेल. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेने १०,००० रुपयांच्या पहिल्या कर्जासाठी नगरसंस्थेचे शिफारसपत्रही ग्राह्य धरले, आणि मोजणीतून सुटलेल्या अनेकांच्या हाती प्रथमच नगरसंस्थेचा कागद आला.

जप्तीचे कलम तर प्रत्येक पथकाने तोंडपाठ करावे असे आहे. माल उचलताना त्याची यादी करून तिची सही केलेली प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. टिकाऊ माल मागणी केल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत आणि नाशवंत माल मागणीच्या त्याच दिवशी परत करावा लागतो. जागा सोडायला लावायची झाल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि नोटिशीनंतरही न हलणाऱ्यास दिवसाला २५० रुपयांपर्यंत दंड होतो. यांतील ‘त्याच दिवशी’ हे शब्द भाजीचा धंदा जाणणाऱ्यानेच लिहिले असावेत असे वाटते. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांच्या मळ्यांतून पहाटे आलेली कोथिंबीर दुपारनंतर मान टाकू लागते, पाणी शिंपडून ती संध्याकाळच्या पाळीपर्यंत कशीबशी तगवली जाते, आणि दिवेलागण उलटल्यावर तिचा भाव निम्म्याखाली येतो. म्हणून दुपारी चारला उचललेल्या पाटीची यादी पथकाने जागेवरच केली की दुसऱ्या दिवशी कार्यालयात केली, यावर त्या कोथिंबिरीचे पैसे होणार की तिचा पाला गुरांपुढे जाणार, हे ठरते.