अंग आंबलंय? शेकायचं की गार करायचं?

दोस्तांनो, समजा तुमच्या शाळेची सहल जव्हारला निघाली आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंचीवरचं हे गाव. राजवाडा बघून झाला, हनुमान पॉइंट झाला आणि मग सगळी फौज दाभोशाच्या धबधब्याकडे वळली. जवळजवळ ३०० फुटांवरून पाणी कोसळतंय! तुम्ही उतरणीवरून धडाधड पळत खाली गेलात, मनसोक्त भिजलात आणि धापा टाकत वर आलात. त्या रात्री पाय थोडे भरून आले, एवढंच.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. जिना चढताना फारसं काही होत नाही, पण उतरायला लागलात की प्रत्येक पायरीला "आई गं!"

आजी म्हणते, "अंग आंबलंय. कढत पाण्याने पाय शेक." पी.टी.चे सर म्हणतात, "बर्फ लावा." आणि दादाने मोबाइलवर लाल दिव्याची जाहिरात पाहिलेली असते. त्या उजेडात बसलं की म्हणे थकवा पळतो! आता ऐकायचं कुणाचं? चला, एकेकाची परीक्षा घेऊ या.

आंबतं म्हणजे काय होतं?

'आंबणं' हा शब्द मोठा मजेदार आहे. जणू अंगात काहीतरी आंबट साठलंय! पुष्कळ वर्षं लोकांना खरोखरच असं वाटायचं, की व्यायामाने स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं आणि तेच दुसऱ्या दिवशी दुखतं. पण हे काही खरं नाही. जोरात पळताना तयार झालेलं ते द्रव्य साधारण तासाभरात निघूनही जातं. मग दोन दिवसांनी ते कसं दुखवणार?

अमेरिकेतल्या थिओडोर हफ या शास्त्रज्ञाने १९०२ साली वेगळीच शंका मांडली होती. न सवयीच्या कामाने स्नायूच्या आत बारीक इजा होत असावी, असं त्याला वाटलं. आज तेच मानलं जातं. डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा सूक्ष्म इजा होतात आणि शरीर लगेच दुरुस्तीला लागतं. तिथे थोडी सूज येते, नसा हळव्या होतात. हे दुखणं एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त असतं आणि मग आपोआप ओसरतं.

पण चढण्यापेक्षा उतरण्यानेच जास्त का दुखतं? विहिरीतून भरलेली कळशी वर ओढून पाहा आणि मग तीच दोराने हळूहळू खाली सोडून पाहा. सोडतानाही हातांना जोर लावावाच लागतो, नाही का? डोंगर उतरताना मांडीचे स्नायू तसेच ताणले जात असतात आणि ताणले जाता जाताच ब्रेक लावत असतात. स्नायूंना जास्त इजा होते ती या ब्रेक लावण्यामुळे.

आजीचा शेक

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर मेहनतीसाठी व्यायामशाळा लागत नाही. पावसाळ्यात इथे अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण डोंगरउतारावरून पाणी वाहून जातं आणि एप्रिल-मे उजाडला की अनेक पाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. १५ लिटरचा हंडा चुंबळीवर ठेवून ओढ्यातून वर चढायचं, पुन्हा रिकामा घेऊन उतरायचं! पावसाळ्यात दिवसदिवस वाकून भाताची लावणी. रात्री चुलीवरचं ऊन पाणी अंगावर पडलं की कसं मोकळं वाटत असेल!

ते उगीच नाही बरं का. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, तिथला रक्तप्रवाह वाढतो, आखडलेले स्नायू सैल होतात. गरम केलेल्या मोहाच्या बियांच्या तेलाने चोळलं तर उष्णता आणि मालिश, दोन्हींचा आराम मिळतो.

जव्हारहून विक्रमगड, वाडा करत खाली आलात की पुढे ठाणे जिल्ह्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं लागतात. तिथे चूल कुणी पेटवली? पृथ्वीनेच! जमिनीत खाली जाऊ तसं दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल जातं, तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. फिनलंडचे लोक लाकडी खोलीत तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घेतात, त्याला 'सॉना' म्हणतात. शेकायची हौस जगभर आहे!

आजीला एक गुण नक्की. पण पाय नुकताच मुरगळून टम्म सुजला असेल, तर शेकू नका. रक्तप्रवाह वाढला की सूजही वाढू शकते.

सरांचा बर्फ

मुरगळलेल्या पायावर बर्फ ठेवला की नसांकडून मेंदूकडे जाणारे निरोप मंदावतात आणि दुखणं कमी जाणवतं. गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली खेळाडूंसाठी चार गोष्टींचा मंत्र दिला : विश्रांती घ्या, बर्फ लावा, पट्टी बांधा, पाय उंच ठेवा. जगभरच्या मैदानांवर तो पाठ झाला.

पुढची गोष्ट मात्र मला जास्त आवडते. २०१४ साली याच डॉक्टरांनी जाहीर केलं, की आपलं मत बदललं आहे. बर्फाने दुखणं कमी होतं हे खरं, पण दुरुस्तीला लागलेली शरीराची माणसंही त्यामुळे मंदावू शकतात. स्वतःचीच चूक इतक्या वर्षांनी कबूल करायची, याला धैर्य लागतं!

२०१५ साली ऑस्ट्रेलियातून आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही तरुणांनी १२ आठवडे वजनं उचलण्याचा व्यायाम केला. त्यांतले काही जण व्यायामानंतर दर वेळी १० मिनिटं थंडगार पाण्यात बसायचे, तर काही जण हळूहळू सायकल चालवायचे. शेवटी ताकद आणि स्नायू कुणाचे जास्त वाढले? सायकलवाल्यांचे!

म्हणजे बर्फ वाईट का? छे! आज सामना आणि उद्या पुन्हा सामना, असं असेल तर गार पाण्याने खेळाडूला हलकं वाटतं. मुरगळल्यावर कळ थांबवायलाही गारवा चांगला. फ्रिज नसेल तर माठातल्या पाण्यात भिजवलेलं फडकं चालेल. बर्फ मात्र कपड्यात गुंडाळूनच लावा आणि १०-१५ मिनिटांवर ठेवू नका, नाहीतर कातडीला इजा होईल.

करून पाहा

तीन भांडी घ्या. एकात गार, दुसऱ्यात साधं आणि तिसऱ्यात सोसेल इतपत ऊन पाणी भरा. एक हात गार पाण्यात, दुसरा ऊन पाण्यात मिनिटभर ठेवा. मग दोन्ही हात एकदम साध्या पाण्यात घाला. एक हात म्हणेल "ऊन आहे", दुसरा म्हणेल "गार आहे". पाणी तर एकच! म्हणून बर्फाने बधिर झालेल्या पायावर कधीही लगेच गरम पाणी ओतू नका. त्या पायाला चटक्याचा अंदाज येत नाही.

दादाचा लाल दिवा

उजेडाने बरं वाटतं ही काही नुसती थाप नाही. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केले आणि त्यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

१९५६ सालची गोष्ट तर फारच छान. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना बागेत उन्हात नेत असत. एका पिवळ्या पडलेल्या बाळाची कातडी उन्हाने उजळली, आणि जिथे चादरीचं टोक होतं तिथेच ती पिवळी राहिली! या निरीक्षणातून पुढे नवजात बाळांच्या काविळीवर निळ्या दिव्यांचा उपचार आला. रुग्णालयात डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या उजेडात झोपवलेलं बाळ पाहिलंत, तर सिस्टर वॉर्डची आठवण काढा.

आणि लाल दिवा? १९६७ साली हंगेरीच्या एंड्रे मेस्टर यांना दिसलं, की लाल लेसर सोडलेल्या उंदरांच्या अंगावर केस लवकर उगवले. तेव्हापासून प्रयोग चालू आहेत. काहींत दुखणं थोडं कमी झालं, काहींत फरक पडला नाही. म्हणून हजारो रुपयांचा दिवा घ्यायला बाबांच्या मागे लागू नका. सकाळचं ऊन फुकट आहे! उन्हामुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि हाडांना कॅल्शियम मिळायला मदत होते.

मग खरं औषध कोणतं?

शेक, बर्फ, दिवा हे सगळे मदतनीस. दुरुस्ती करतं ते शरीर. आणि गवंडी कितीही हुशार असला तरी विटा नसतील तर भिंत कशी बांधणार? विटा म्हणजे अन्न, आणि बांधकामाची मुख्य वेळ म्हणजे झोप. वाढत्या वयात ८ ते १० तास झोप हवीच.

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचं नाव १९९२-९३ साली साऱ्या महाराष्ट्राला कळलं, ते कुपोषणाने गेलेल्या बालकांमुळे. याच डोंगरांवर नागली पिकते. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळाच्या कितीतरी पट. भाकरीबरोबर डाळ, अंडं किंवा सुकी मासळी असली, की स्नायूंनाही विटा मिळाल्या. पण ताटात हे सगळं पडायला हवं, आणि दमलेल्या शरीराला टेकायलाही मिळायला हवं.

शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या, हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटर धावून कांस्यपदक मिळवलं. अशाच डोंगरवाटांवर पळणारी मुलं-मुली आजही जव्हार-मोखाड्यात आहेत. त्यांच्या पायांत जोर आहेच. मात्र सकाळी पळून आल्यावर त्यांना हंडा घेऊन पुन्हा ओढा उतरावा लागतो, की पोटभर खाऊन घटकाभर बसायला मिळतं, यावर पुष्कळ काही ठरतं.

खेळाडूला सुट्टीचा दिवस असतो. पाणी भरणाऱ्या आईला तो कधी असतो? तुमच्या घरी पाणी नळाने येत असेल, तरी आई दिवसभर उभी असतेच. आज संध्याकाळी तिला पाच मिनिटं बसवा. बादलीत कोमट पाणी काढा, कोपर बुडवून बघा आणि तिचे पाय त्यात ठेवा. आणि उद्याचं एक काम तुम्ही उचला. तिच्या पायांना शेकाइतकीच विश्रांतीही हवी आहे.