पोळे कुणाचे, ते आधी ओळखा

मागच्या उन्हाळ्यात एकाच सोसायटीतले दोन रुग्ण एकाच रिक्षातून आमच्या अपघात विभागात आले. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ लागले होते. ते हटवायला एका रहिवाशाने टेंभा पेटवला आणि त्याला साठ-सत्तर डंख झाले. खाली उभे राहून बघणाऱ्या शेजाऱ्याला मात्र मानेवर एकच माशी चावली होती. तरीही स्ट्रेचरवर होता तो शेजारीच. अंगभर गांधी उठलेल्या, ओठ सुजलेले, आवाज घोगरा आणि नाडी हाताला जेमतेम लागणारी. मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिल्यावर तो काही मिनिटांत सावरला.

साठ डंखवाला ‘आता बरे वाटतेय’ म्हणत, आमचे न ऐकता घरी गेला. तिसऱ्या दिवशी परत आला तेव्हा लघवी काळ्या चहासारखी झाली होती आणि मूत्रपिंडे काम करीनाशी झाली होती. डायलिसिसवर ठेवावे लागले. सुदैवाने वाचला.

मधमाशीच्या डंखाचे दोन वेगवेगळे धोके या दोघांनी दाखवून दिले. पहिला ॲलर्जीचा. त्याला एक डंखही पुरतो आणि तो काही मिनिटांत जिवावर बेततो. दुसरा विषाच्या एकूण मात्रेचा. अनेक डंखांचे विष स्नायू आणि रक्तपेशी फोडते, त्यातला मळ मूत्रपिंडात अडकतो आणि परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो.

पण घराजवळ दिसणारी प्रत्येक माशी इतकी घातक नसते. म्हणून आधी ओळख हवी.

उंच इमारतीच्या छज्जाखाली, टाकीला किंवा वडा-पिंपळावर एकच मोठे, उघडे पोळे लोंबत असेल, तर ते आग्या मोहोळ. या माश्या आकाराने मोठ्या असतात, चिडल्या की थव्याने येतात आणि लांबवर पाठलाग करतात. खरी भीती यांचीच. बागेतल्या झुडपाच्या बारीक फांदीवर तळहाताएवढे पोळे दिसले, तर ती फुलोरी. ही लहानखुरी माशी सहसा वाटेला जात नाही. भिंतीच्या पोकळीत, झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या पेटीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते ती सातेरी. हिला पेटीतही पाळतात. भिंतीच्या फटीतून किंवा मीटरच्या खोक्यातून मेणाची बारीक नळी बाहेर आलेली असेल, तर तिथे डासाहून थोड्याच मोठ्या, डंख न करणाऱ्या माश्या राहतात. त्यांना हात लावायचे कारणच नाही.

लाकडी वाशाला किंवा बांबूला गोल भोक पाडून गुणगुणणारा काळा भुंगा दिसायला भीतिदायक, पण नराला डंख नसतो आणि मादी हातात धरल्याशिवाय सहसा डंख करत नाही. गांधीलमाशी मात्र मधमाशी नव्हे. तिचे पोळे कागदासारखे असते, त्यात मध नसतो आणि ती पुन्हा पुन्हा डंख करू शकते. ॲलर्जीचा धोका तिच्याही डंखाने तेवढाच. घरच्या भिंतीवर मातीचे छोटे घर बांधणारी कुंभारीण एकटी असते आणि क्वचितच चावते.

कधी झाडाच्या फांदीवर माश्यांचा घोसच्या घोस लटकलेला दिसतो, पण पोळे नसते. तो नव्या घराच्या शोधात विसावलेला थवा असतो. त्याला डिवचू नये. बहुधा एक-दोन दिवसांत तो आपणच निघून जातो.

आता डंख झाल्यावर काय करायचे ते पाहू. मधमाशीची नांगी कातडीत अडकते आणि तिच्यासोबतची पिशवी त्यानंतरही थोडा वेळ विष ढकलत राहते. म्हणून नांगी कशाने काढायची याचा विचार करत बसू नका. नखाने खरवडा, चिमट्याने ओढा, पण लगेच काढा. जागा साबणाने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवा. लोखंड घासणे, चुना, शेण यांनी विष उतरत नाही, वेळ मात्र जातो. डंखाच्या जागेची सूज दुसऱ्या दिवशी वाढली तरी तो बहुधा जंतुसंसर्ग नसतो. त्यासाठी स्वतःहून अँटिबायोटिक घेऊ नका.

डंखापासून दूर असलेल्या भागावर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, आवाज बदलला, उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा. रुग्णाला आडवे ठेवून पाय उंच करा. श्वास लागत असेल तर बसू द्या. उठवून चालवत नेऊ नका. ॲलर्जीची गोळी अशा वेळी ॲड्रेनॅलिनची जागा घेऊ शकत नाही. डंख तोंडात, घशात किंवा डोळ्याला झाला असेल, किंवा दहाहून अधिक डंख असतील, तर बरे वाटत असले तरी डॉक्टरांना दाखवा. मुले, वृद्ध आणि गरोदर स्त्रियांच्या बाबतीत त्याहूनही कमी डंखांत जा. लघवीचा रंग गडद झाला तर एक तासही थांबू नका.

माश्या मागे लागल्या तर हात झटकू नका. चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या आणखी चवताळतात. तोंड झाकून पळा आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत राहतात.

पोळ्याला दगड, फटाके, आग किंवा कीटकनाशकाचा फवारा नको. आग्या मोहोळाच्या माश्या मोसमी असतात. परिसरातला फुलोरा संपला की त्या बहुधा पोळे सोडून जातात. तोवर खिडक्यांना जाळी लावा आणि जवळचे दिवे रात्री बंद ठेवा, कारण या माश्या उजेडाकडे येतात. पोळे वाटेवर, शाळेजवळ किंवा ॲलर्जीच्या माणसाच्या घरी असेल, तर प्रशिक्षित माणूसच बोलवा. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे आणि महाबळेश्वरला मध संचालनालय आहे. तिथून योग्य माणसाची माहिती मिळू शकते. सातेरीची वसाहत तर पेटीत घालून दुसरीकडे नेता येते.

बरा होऊन घरी जाताना त्या टेंभावाल्या गृहस्थांनी विचारले, “डॉक्टर, मोहोळ अजून तिथेच आहे. आता काय करू?” मी म्हटले, “महिनाभर वाट बघा.” पंधरा दिवसांनी तपासणीला आले तेव्हा त्यांनी सांगितले की टाकीखाली नुसते रिकामे मेण लटकते आहे.